झाड कुठलं

बावधनला, आमच्या डी विंगच्या मागे
बिल्डरने एक फणस लावला आणि विसरला.
श्रावणात त्याच्या बुडाशी एक तपकिरी डोकं वर आलं,
बेकरीतल्या पावासारखं, जरा जास्त भाजलेल्या.

मी गुडघे टेकले. बासष्टाव्या वर्षी
उठायचं कसं ते ठरवूनच टेकावे लागतात.
सुरी स्वयंपाकघरातली, लिंबं चिरायची.
देठाभोवतीची माती बोटांनी सैल केली,
कारण देठ वरच तुटला तर ओळख अर्धी राहते,
काही विषारी छत्र्यांची पिशवी मातीतच लपलेली असते.
हे मी चौतीस वर्षं वर्गात सांगितलं.
सहलीला एकही पोरगं खाली वाकलं नाही.

मग उलटा धरला.
कल्ले नव्हते.
पुस्तकाच्या पानांसारख्या त्या पातळ पट्ट्या
नव्हत्याच. तिथे स्पंज,
सुईने टोचल्यासारखी भोकं, जुन्या पोळ्याचा पिवळा.
बोलेट.
मराठीत याला नाव नाही,
निदान माझ्या मराठीत नाही.

उभा चिरला. पाच अंक मोजेपर्यंत
कडेने निळा चढत गेला,
मुका मार लागल्यावर चढतो तसा.
निळा होतो तो विषारी, असं म्हणतात.
लसूण काळा पडतो म्हणतात, चांदीचं नाणं काळं पडतं म्हणतात.
नाण्याला काय कळतंय?

“मॅडम, याची तर आमच्याकडे भाजी बनते.”
सुकालू नेताम, रात्रपाळीचा, शिट्टी गळ्यात,
बस्तरहून आला त्याला दोन पावसाळे झाले.
तो उकिडवा बसला, सहज, गुडघ्यांना न विचारता.
सांगू लागला: सालाचं जंगल, उजाडायच्या आत आई निघते,
बटणाएवढे तसेच ठेवते, म्हातारे किड्यांना ठेवते,
पानांच्या दोन्यात मधल्या वयाचे तेवढे आणते.
खालचा स्पंज अंगठ्याने सोलून फेकतात, बुळबुळीत होतो.
“मग हळद, मीठ. तेल कशाला?”
त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं.
माझ्याही सुटलं असावं.

त्याने आईला फोन लावला, व्हिडिओवाला.
रेंज तुटत होती, चेहरा चौकोनाचौकोनाने येत होता.
त्याने कॅमेऱ्यापुढे चिरलेला अर्धा धरला,
निळी कड दाखवली, भोकं दाखवली, वास घेऊन दाखवला.
तिने नीट पाहिलंही नाही.
दोनच शब्द बोलली, त्यांच्या बोलीत.
सुकालूने मुकाट्याने फोन वर फिरवला, पानांकडे.

“काय म्हणाल्या?”
“झाड कोणता, विचारते.”

फणस तिच्या दारातही आहे.
त्याच्याखाली हा कधी आला नाही.
“ठेव,” ती म्हणाली. एवढं मलाही समजलं.

माझ्याकडे तीन पुस्तकं. टोपी, भोकं, देठावरची जाळी,
निळं होणं किंवा न होणं, सगळ्याचे तक्ते,
आणि झाड सर्वांत शेवटी, बारीक टाइपात.

तरी रात्री मी अर्धी टोपी ठेवलीच,
भोकं खाली करून, वीजबिलाच्या कोऱ्या बाजूवर,
वर काचेचा वाडगा झाकून.
सकाळी कागदावर बीजाणूंची पूड,
न घासलेल्या पितळेसारखी, हिरवट तपकिरी,
एकेका भोकाखाली एकेक ठिपका,
जणू कोणी रात्रभर बसून रांगोळीचे ठिपके काढले
आणि रेघा ओढायच्या राहिल्या.

“बनवली?” सुकालूने गेटवर विचारलं.
“नाही.”
त्याने मान हलवली. वाईट वाटलं की बरं वाटलं,
शिट्टी तोंडात होती, समजलं नाही.
दुसरा अर्धा त्याने फणसाच्या मुळाशी परत पुरला होता.

बिलाची शेवटची तारीख होती.
खिडकीतल्या माणसाने कागद उलटा केला,
“हे काय सांडलंय, आजी?”
आणि उत्तराची वाट न बघता
बोट फिरवून पाहिलं,
बोटाकडे पाहिलं,
शर्टाला पुसलं,
आणि पुढच्याला बोलावलं.